शिपायाच्या घराचा शोध
(काळेवाडी येथील बैठकीत केलेले भाषण)



आपल्यापैकी बऱ्याच जणी कोकणातून, साताऱ्याकडून, मराठवाड्यातून कारखान्यांच्या ओढीने इकडे आलेल्या कुटुंबांतल्या. ‘आमचे पणजोबा लढाईत गेले’ एवढेच पुष्कळ घरांत ठाऊक असते. मागे कोण राहिले, हे कोणी सांगत नाही.

शोधायला गेले तर शिपायाचेच नाव मुश्किलीने सापडते. पहिल्या महायुद्धात ६ व्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी हे सैन्य इराकमधल्या कूत येथे शरण गेले. त्या मुलखात मेलेल्या साध्या हिंदी शिपायांची नावे बसऱ्याच्या स्मारकावर कोरलीच नाहीत. पलटणीगणिक आकडे दिले. गोऱ्या शिपायांची नावे मात्र आहेत.

माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात मारले गेले. वय अवघे २२. त्यांचा व्हिक्टोरिया क्रॉस १९४५ साली दिल्लीत व्हाइसरॉय वेव्हेल यांच्या हातून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी स्वीकारला. माणगावात यशवंतरावांचा पुतळा आहे, इटलीत मोंतोने येथे २०२३ साली स्मारक झाले. लक्ष्मीबाई मात्र येतात त्या पदक घेण्यापुरत्या. एवढ्या मोठ्या पदकाच्या घरी ही गत, तर साध्या शिपायाच्या बायकोला कोण विचारतो?

यात सरकारी नियमांचाही हात आहे. शौर्यपदकाचा भत्ता विधवेने पुन्हा लग्न केले की बंद होई. दिराशी केले तरच चालू राही! ही अट संरक्षण मंत्रालयाने काढली ती नोव्हेंबर २०१७ मध्ये. तेव्हा वंशावळीत एखादी सून एकाएकी दिसेनाशी झाली, किंवा दिराच्या नावापुढे लागली, तर तिथे थांबून चौकशी करा.

राष्ट्रकुल युद्धकबरी आयोगाच्या नोंदी आता घरबसल्या पाहता येतात. काही नोंदींत बापाचे, बायकोचे नाव आणि गावही असते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. जुने फेरफार काढून वारस म्हणून कोण लागले ते पाहा. आणि म्हाताऱ्या बायकांना पलटण विचारून थांबू नका. तिचे माहेर कुठले, पेन्शनचे पैसे कोणाच्या हाती पडत, तिने पाट लावला का, हेही विचारा. शेवटचा प्रश्न चारचौघांत नको, चुलीपाशी.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने एक नाव आणावे. शिपायाचे नको, त्याच्या आईचे किंवा बायकोचे.