गुळगुळीत नळीचा प्रश्न
(शहपुरा येथील स्नेहमेळाव्यातील भाषण)



लष्करी रिव्हॉल्व्हरच्या नळीत पेचदार खाचा असतात, वेब्लीमध्ये सात. त्या दिसल्या नाहीत की मालकास आपल्या हाती दुर्मिळ रत्न आल्याचा भास होतो. आजोबांच्या वेब्लीविषयी मलाही तो झाला होता.

मुळातच गुळगुळीत नळीची शस्त्रे आहेत. अमेरिकन यादवीतील ल मॅट रिव्हॉल्व्हरमध्ये नऊ गोळ्यांच्या चक्राच्या मध्यभागी छऱ्यांची गुळगुळीत नळी असे. आपल्याकडे तर १८५७ च्या उठावानंतर हिंदी शिपायांच्या हाती अचूक बंदूक नको, म्हणून १८५८ च्या नमुन्याच्या एन्फील्डची नळी खाचांविना व अधिक रुंद केली गेली. मागची नेमपट्टीही साधी, स्थिर! अविश्वास असा पोलादात कोरला गेला.

परीक्षेची रीत सोपी आहे. शस्त्र रिकामे करून नळी प्रकाशासमोर धरावी. खाचा कापून काढल्या असतील तर नळी सर्वत्र सारखी, छापातील मापाहून रुंद भरते. झिजली असेल तर कोठेतरी खाचांचे अवशेष राहतात.

आमच्या वेब्लीत ते मागच्या टोकाशी सापडले. दर खंडेनवमीस पूजेपूर्वी काका काठीला वाळूकागद गुंडाळून ती नळी भक्तिभावाने घाशीत असत.