रीफ टँकचा पीएच : पावडरची बाटली उघडण्याआधी खिडकी उघडा

आजचा भाग आपल्या एका श्रोत्याच्या व्हॉइस मेसेजमुळे करतोय. हा मित्र दुबईत नोकरीला आहे. घरी दीडशे लिटरचा रीफ टँक आहे, म्हणजे खाऱ्या पाण्याचा, जिवंत प्रवाळांचा. तो म्हणतो, "दादा, सकाळी पीएच ७.८ येतो, रात्री लाइट बंद व्हायच्या वेळी ८.१. सगळे म्हणतात ८.३ पाहिजे. पीएच वाढवायची पावडर आणून ठेवलीय. रोज किती टाकू?" सोबत त्याने अल्कलिनिटीही कळवलीय : १०.८ डीकेएच.

मित्रा, उत्तर आधीच देऊन टाकतो. आत्ता काहीही टाकू नकोस. आता का, ते सांगतो. आणि बाकीच्यांनो, तुमच्याकडे टँक नसला तरी ऐका, कारण आकडा चुकीचा दिसला की माणूस काय करतो, हा प्रश्न आपल्या सगळ्यांचाच आहे.

आधी पीएच म्हणजे काय ते बघू

शाळेत आपण लिटमस पेपर लाल-निळा केला आणि विषय सोडून दिला. ही मोजपट्टी मांडली सोरेनसन नावाच्या डॅनिश केमिस्टने, १९०९ साली, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग लॅबोरेटरीत. हो, तीच बिअरवाली कार्ल्सबर्ग. लक्षात ठेवायची गोष्ट एकच, ही पट्टी लॉगरिदमिक आहे. ८.१ वरून ७.८ म्हणजे 'फक्त पॉइंट तीन' नाही. पाण्यातले हायड्रोजन आयन त्यात दुप्पट होतात.

प्रवाळाला याचं काय पडलंय? प्रवाळ आपला सांगाडा अ‍ॅरागोनाइटचा बांधतो. अ‍ॅरागोनाइट म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच. बांधताना त्याला हायड्रोजन आयन बाहेर ढकलावे लागतात. बाहेर आधीच गर्दी असेल तर जास्त ताकद लागते आणि वाढ मंदावते. पण मंदावते म्हणजे मरते असं नाही. घरच्या टँकमध्ये ७.८ ते ८.४ या पट्ट्यात प्रवाळ व्यवस्थित जगतात. आपल्या मित्राचे दोन्ही आकडे या पट्ट्यात बसतात. म्हणजे आग लागलेली नाही.

सकाळी कमी, रात्री जास्त असं का?

प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. दिवे चालू असताना ते प्रकाशसंश्लेषण करतं, म्हणजे कार्बन डायऑक्साइड खातं. कार्बन डायऑक्साइड कमी झाला की पीएच चढतो. दिवे बंद झाले की मासे, प्रवाळ, बॅक्टेरिया सगळे फक्त श्वास घेतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात, म्हणून पीएच उतरतो. सगळ्यात कमी आकडा सकाळी दिवे लागायच्या आधी दिसतो, सगळ्यात जास्त दिवे मालवायच्या आधी. रोज ०.२ ते ०.४ चा झोका नॉर्मल आहे.

त्यामुळे "माझा पीएच ८.० आहे" या वाक्याला वेळ सांगितल्याशिवाय अर्थ नाही. सर्व्हरचा लोड पहाटे तीनला बघायचा की सेल चालू असताना, तसंच हे.

मग मूळ कारण कुठे आहे?

इथे बहुतेक लोक केमिस्ट्रीत शोधतात आणि कारण असतं हवेत. बाहेरच्या मोकळ्या हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण ४२० पीपीएम असतो. बंद बेडरूममध्ये दोन माणसं झोपली की सकाळपर्यंत हजार-दीड हजार सहज होतो. टँकचं पाणी त्याच हवेशी देवाणघेवाण करतं. अल्कलिनिटी तेवढीच ठेवून पाण्यातला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला, तर पीएच जवळपास ०.३ ने पडतो.

मी राहतो टोरांटोत. इथे जानेवारीत खिडकी उघडायची कुणाची हिंमत नाही. दुबईत जुलैत तेच, फक्त तिथे एसी आहे आणि इथे हीटर. दिवाळीत आमच्याकडे दोन दिवस गॅसवर फराळ चालू होता, वर घरात दहा-बारा माणसं. त्या दोन दिवसांचा पीएचचा ग्राफ बघितला तर चकलीचा घाणा कधी सुरू झाला ते सांगता येतं! गॅसची शेगडीसुद्धा कार्बन डायऑक्साइड सोडते, विसरू नका.

पावडर का नको?

पीएच वाढवणाऱ्या बहुतेक पावडरी म्हणजे सोडाच. खायचा सोडा, धुण्याचा सोडा किंवा दोन्हीचं मिश्रण, कधी सोबत बोरॅक्स. त्याने खरी वाढते ती अल्कलिनिटी. पीएच थोडा वेळ उडी मारतो आणि खोलीतल्या हवेशी जुळवून घेत परत खाली येतो. माणूस म्हणतो, "अरे, परत पडला," आणि पुन्हा टाकतो.

जरा हिशोब करा. खोलीतली हवा तीच ठेवून निव्वळ अल्कलिनिटीच्या जोरावर पीएच ०.३ ने वर न्यायचा असेल, तर अल्कलिनिटी जवळपास दुप्पट लागते. म्हणजे मित्राच्या १०.८ चे एकवीस-बावीस. तिथपर्यंत पोचायच्या आधीच पाणी दुधाळ होईल, हीटरवर आणि पंपावर पांढरा थर बसेल, कॅल्शियम खाली येईल आणि फांदीवाल्या प्रवाळांची टोकं जळाल्यासारखी पांढरी पडतील. नैसर्गिक समुद्रात अल्कलिनिटी असते सातच्या आसपास. १०.८ आधीच वरच्या बाजूला आहे. ७.८ पीएचने जे प्रवाळ मरणार नव्हते, ते या 'उपायाने' मरतील.

एक तासाची, फुकटातली टेस्ट

रीफवाल्यांची ही जुनी पद्धत आहे. डीबगिंगच समजा, एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

१. टँकमधलं एक ग्लास पाणी घ्या, पीएच मोजा, लिहून ठेवा.

२. ग्लास बाल्कनीत न्या. छोट्या एअर पंपाने तासभर बुडबुडे सोडा. पुन्हा मोजा.

३. दुसरा ताजा ग्लास घ्या. हेच सगळं टँकच्या खोलीत करा.

आता निकाल वाचू. बाल्कनीत पीएच चढला पण खोलीत चढला नाही, तर दोष खोलीच्या हवेचा. दोन्हीकडे सारखाच चढला, तर खोलीची हवा ठीक आहे, टँकमध्ये हवा नीट मिसळत नाहीये. म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग हलवा, स्किमर साफ करा. आणि दोन्हीकडे चढलाच नाही, तर जास्तीचा कार्बन डायऑक्साइड हे कारण नाही. मग अल्कलिनिटी आणि तुमचं मोजायचं यंत्र तपासा.

उपाय, स्वस्तापासून महागाकडे

खिडकी उघडा. दिवसातून अर्धा-एक तास उघडली तरी ग्राफवर दिसतं. ते जमत नसेल तर स्किमरची हवेची नळी खिडकीतून बाहेर काढा. म्हणजे स्किमर बाहेरची हवा ओढेल. तेही शक्य नसेल तर त्या नळीवर सोडा लाइमचा डबा लावतात, तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतो. सोडा लाइम संपत जातं, त्यामुळे खर्च चालू राहतो. चौथा उपाय : सम्पमध्ये समुद्री शैवाल ठेवून त्याचा दिवा रात्री चालू ठेवायचा. टँक झोपलेला असताना शैवाल कार्बन डायऑक्साइड खात राहतं.

आणि पाचवा उपाय तर आपल्या ओळखीचा आहे, चुन्याची निवळी! शाळेतला प्रयोग आठवा. नळीने फुंकर मारली की निवळी दुधाळ व्हायची, कारण चुना कार्बन डायऑक्साइड पकडतो. रीफवाले याला काल्कवासर म्हणतात. शब्द जर्मन आहे, अर्थ चुन्याचं पाणी. बाष्पीभवनाने उडालेलं पाणी भरताना साध्या आरओ पाण्याऐवजी ही निवळी थेंब थेंब सोडायची, शक्यतो रात्री. कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही मिळतात, वर पीएच चढतो. एका लिटरला दीड ग्रॅमच्या आसपास चुना विरघळतो, बाकीचा तळाशी बसतो. तो गाळ टँकमध्ये जाऊ द्यायचा नाही.

पण सांभाळून. निवळीचा पीएच १२ च्या वर असतो. ग्लव्ह्ज घाला, डोळे जपा, लहान मुलांपासून लांब ठेवा. एकदम लिटरभर ओतली तर टँक संपला म्हणून समजा. पानाच्या चुन्याची डबी वापरू नका, त्यात काय काय मिसळलंय ते कळत नाही. आणि दुबईकर मित्रा, तुझी अल्कलिनिटी आधीच वर आहे. निवळी वापरायचीच असेल तर सध्याचा अल्कलिनिटीचा डोस बंद करून, त्याच्या जागी, प्रवाळ जेवढी वापरतात तेवढीच.

मोजणाऱ्यावर किती विश्वास ठेवायचा?

रंगाच्या किटवर ७.८ आणि ८.० मधला फरक पिवळ्या बल्बखाली ओळखून दाखवा! म्हणून प्रोब बरा. पण प्रोबला सेवा लागते. महिन्यातून एकदा ७ आणि १० च्या द्रावणात कॅलिब्रेट करा. टोक कधी कोरडं पडू देऊ नका. बाहेर काढून ठेवायचा असेल तर त्याच्या स्टोरेजच्या द्रावणात ठेवा, आरओ पाण्यात नाही. वर्ष-दीड वर्षात प्रोब बदलावा लागतो. सम्पमध्ये बसवताना जिथे डोस पडतो तिथून लांब बसवा.

कंट्रोलर वापरणाऱ्यांसाठी एक नियम : पीएचच्या प्रोबला काही बंद करायचा अधिकार द्या, चालू करायचा नाही. ८.५ च्या वर गेला तर निवळीचा पंप बंद, हे ठीक. पण '८.२ च्या खाली गेला तर निवळी टाक' असं लिहिलंत आणि प्रोबच बिघडून ७.५ दाखवायला लागला, तर कंट्रोलर रात्रभर इमानदारीने टँक मारत राहील. निवळीचं भांडंही एवढंच ठेवा, की सगळं एकदम पडलं तरी टँक वाचेल.

भारतातून ऐकणाऱ्यांसाठी

दगडी प्रवाळ आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे वाघाच्या पंक्तीत. समुद्रातून काढणं, विकणं हा गुन्हा आहे. मालवणला प्रवाळ आहेत, तिथे जा, पाण्यात उतरून बघा, हात लावू नका. घरी नुसत्या माशांचा खाऱ्या पाण्याचा टँक असेल तर आजची ग्लासवाली टेस्ट तुम्हालाही लागू आहे. आणि लाइट जातात तिथे बॅटरीवरचा एअर पंप ठेवाच. रात्री पंप थांबला की पीएचबरोबर ऑक्सिजनही पडतो, आणि मासे आधी जातात ते ऑक्सिजनमुळे.

तर मित्रा, पावडर कपाटात ठेव. सात दिवस सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी पीएच लिही, सोबत अल्कलिनिटी आणि खिडकी उघडी होती की बंद, तेही. ग्लासची टेस्ट कर. मग आकडे पाठव, पुढच्या भागात सगळ्यांसमोर बघू. तोपर्यंत, नमस्कार!