लक्ष्मणराव किर्लोस्कर : हाताने काम करणारा कारागीर

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे स्मरण करताना
कारखानदाराच्या आधी हाताने काम करणारा कारागीर आठवावा.

मुंबईतील तंत्रशिक्षण संस्थेतील नोकरी सोडून ते बेळगावला आले
आणि बंधू रामूअण्णांसह सायकलींच्या दुकानाकडे लक्ष देऊ लागले.

पुढे ते शेतीच्या अवजारांकडे वळले; कडबा कापण्याच्या यंत्रानंतर त्यांनी लोखंडी नांगर घडवला;
परंतु लोखंडाच्या फाळाने, म्हणजे माती फोडणाऱ्या टोकदार पात्याने,
जमीन नासते या समजुतीमुळे शेतकरी तो घेईनात,
तरीही त्यांनी नांगर सोडला नाही.

१९१० मध्ये औंध संस्थानाने दिलेल्या कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर
पत्नी राधाबाई, मुले आणि कामगार यांच्यासह त्यांनी कारखाना आणि किर्लोस्करवाडी ही वसाहत उभारली;
कारखान्याइतकीच घरांची काळजी वाहणारा असा कारागीर विरळाच.

१९५६ मध्ये ते निवर्तले;
सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडीत आजही पंप तयार होतात.