एक अख्खा अंक उडवला, तेव्हा कुठे 'ओतेल्लो' झाला

आज बोलूया व्हेर्दीच्या 'ओतेल्लो'बद्दल. शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'वर बेतलेला हा इटालियन ऑपेरा. ५ फेब्रुवारी १८८७ ला मिलानच्या ला स्काला थिएटरमध्ये पहिला प्रयोग झाला. व्हेर्दी तेव्हा ७३ वर्षांचे होते! याच नाटकावरून आपल्या देवलांनी 'झुंजारराव' लिहिलं, म्हणजे गोष्ट तशी ओळखीची. सेनापतीच्या मनात इयागो बायकोबद्दल संशय पेरतो, एका रुमालाचा पुरावा करतो, आणि नवरा तिचा जीव घेतो.

आता अडचण बघा. जे वाक्य बोलायला पाच सेकंद लागतात, तेच गायला कितीतरी जास्त. मग कापायचं काय? संहिता लिहिणाऱ्या बोइतोने नाटकाचा पहिला अंक जवळजवळ अख्खाच उडवला. ऑपेरा थेट सायप्रसच्या वादळात सुरू होतो.

मला विचाराल तर ही काटछाट महागात पडलीये. त्या अंकात डेस्डेमोना व्हेनिसच्या दरबारात, बापासमोर उभी राहून सांगते की हा नवरा मी स्वतः निवडलाय. आणि बाप म्हणतो, या काळ्या माणसाने पोरीवर जादूटोणा केलाय. हे दोन्ही गेलं, की ती नुसती सोशिक वाटू शकते आणि तो नुसता संतापी. त्याच्याभोवतीच्या समाजाने त्याला कसं परकं ठेवलं होतं, ते मागे पडतं.

पण मग मिळालं काय? दुसऱ्या अंकात चौघं एकाच वेळी गातात आणि त्या गडबडीत इयागो रुमाल हिसकावतो. नाटकात चौघं एकदम बोलले तर काही कळणारच नाही, इथे सगळं कळतं. पहिल्या अंकाच्या शेवटी दोघांच्या प्रेमगीतात, चुंबनाच्या वेळी, वाद्यवृंद एक धून वाजवतो. शेवटच्या अंकात तो तिला मारायला येतो, झोपलेल्या तिचं चुंबन घेतो, तेव्हा तीच धून. आणि स्वतः मरताना पुन्हा तीच. 'चुंबन' हा शब्द त्याच्या तोंडात अर्धाच राहतो.

दरबारातलं भाषण गेलं, पण यांचं प्रेम खरं होतं याची साक्ष ती धून देते. म्हणूनच शेवट इतका लागतो.

तर आधी नाटकाचा पहिला अंक वाचा, मग हेडफोन लावून ऑपेरा ऐका. इटालियन येत नसेल तरी ती धून तुम्ही नक्की ओळखाल. भेटू पुढच्या भागात!