माउस होमगार्डच्या हाती द्या
(स्वागताध्यक्षीय भाषण)



नगर रस्त्याची कोंडी पार करून सणसवाडीत आलात, म्हणजे आजच्या सरावाचा निम्मा अभ्यासक्रम झालाच!

आणीबाणीतल्या निर्णयांचा संगणकावर सराव हा विषय शहरातल्या सभागृहाचा, असं काहींना वाटेल. त्यांनी १ जानेवारीला इथं यावं. त्या दिवशी जवळच्या पेरणे गावातल्या जयस्तंभाला अभिवादन करायला लाखो लोक येतात. जड वाहनं शिक्रापुरातून चाकणकडे वळवतात, नगरकडची वाहतूक न्हावरा-चौफुल्यावरून सोलापूर रस्त्याला काढतात, वाहनतळांवरून पीएमपीच्या बस सुटतात. २०१८ साली त्याच दिवशी या पट्ट्यात, आमच्या गावातही, हिंसाचार झाला. त्यामुळे बंदोबस्त हा आमच्यासाठी केवळ कागदावरचा विषय नाही.

वाहनतळावरचा फौजदार पुढची बस सोडायची की रोखायची, हे उभ्याउभ्या ठरवतो. सोडली तर स्तंभापाशी दाटी, रोखली तर मागं रेटारेटी. खऱ्या गर्दीवर प्रयोग करता येत नाहीत. पडद्यावर तोच निर्णय दहा वेळा चुकवून पाहता येतो. हेल्बिंग आणि मोल्नार या संशोधकांनी १९९५ मध्ये मांडलेल्या गर्दीच्या गणितात प्रत्येक माणूस म्हणजे एक ठिपका : आपल्या दिशेनं चालणारा, दुसऱ्यापासून आणि भिंतीपासून अंतर राखणारा. पुढं २००० सालच्या अभ्यासात दिसलं, की सगळ्यांनी घाई केली की दारातून बाहेर पडायला उलट जास्त वेळ लागतो.

पण ठिपक्याचा पाय घसरत नाही. २५ जानेवारी २००५ ला मांढरदेवीच्या पायऱ्या नारळाच्या पाण्यानं निसरड्या झाल्या होत्या. चेंगराचेंगरीत शेकडो भाविक गेले. नाशिकच्या कुंभात २७ ऑगस्ट २००३ ला रामकुंडाकडच्या अरुंद वाटेवर ३९ जण दगावले. पायरी ओली होते, बोळ पुढं निमुळता होतो, हे संगणकाला कुणीतरी सांगावं लागतं, आणि ते ठाऊक असतं गावच्या माणसाला. नकाशे राजधानीतून मागवण्याआधी त्याला विचारा, हे माझं स्पष्ट मत आहे.

नाशिकचा पुढचा कुंभ २०२७ मध्ये आहे. म्हणून एक विनंती. आजच्या संगणकावरच्या प्रात्यक्षिकात पहिला डाव पोलीस पाटलांना आणि होमगार्डच्या जवानांना खेळू द्या. महसूल, पोलीस आणि अग्निशमनच्या साहेबांनी मागं उभं राहून बघावं, मधेच सूचना करू नयेत. आपण सर्वांनी एवढं पाळावं, ही यजमान गावाची विनंती.