किरण दिलेला कांदा आणि लोकांची शंका

(नाशिक येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सामान्य माणसाचे विज्ञानाविषयी काय मत आहे हे जाणून घेण्यासाठी प्रयोगशाळेची पायरी चढावी लागत नाही. नाशिकला गोदाघाटावर बुधवारचा बाजार भरतो. तेथे कांद्याच्या ढिगापाशी तासभर उभे राहिले तरी पुरे. उन्हात निघताना खिशात कांदा ठेवला की ऊन बाधत नाही. चिरून ठेवलेला कांदा हवेतले जंतू ओढून घेतो. पावसाळ्यात कांदा वातूळ, म्हणूनच आषाढात कांदेनवमी साजरी करून चातुर्मासात तो वर्ज्य केला. अशी मते तेथे मेथीच्या जुडीवर मिळणाऱ्या कोथिंबिरीच्या चार काड्यांप्रमाणे फुकट मिळतात. पहिल्या दोन मतांना आधार नाही. तिसऱ्यात निराळीच मौज आहे. रूढी आधी आणि तिचे ‘शास्त्र’ मागाहून, हा सुशिक्षितांचा उद्योग होय. अशिक्षित माणूस ‘आमच्यात चालत नाही’ एवढेच प्रामाणिकपणे सांगून मोकळा होतो.

मे २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य रोगाची धास्ती पसरली, तेव्हा कांद्याच्या टरफलावरील काळी पूड म्हणजेच ती बुरशी, असा समज झपाट्याने फैलावला. वस्तुतः कांद्यावरील काजळी ही ॲस्परजिलस नायजर नावाच्या वेगळ्या बुरशीची असते; त्या रोगाशी तिचा संबंध नाही. तज्ज्ञांनी तसे खुलासे केले आणि विषय मिटला. परंतु निफाड, चांदवड, येवला या भागांतील खळ्यांवर ज्या स्त्रिया दिवसभर बसून कांदा निवडतात, त्यांच्या नाकातोंडात ही काजळी वर्षानुवर्षे जात आहे. अफवेला त्यांची आठवण झाली नाही आणि खुलाशालाही झाली नाही. शहरातील स्वयंपाकघरात पोहोचल्यावरच काजळी हा चर्चेचा विषय ठरला.

आजचा मुख्य विषय याहून गंभीर अशा एका शंकेचा आहे. निफाड तालुक्यातील लासलगाव येथे भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली ‘कृषक’ नावाचे विकिरण केंद्र उभारले. कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूपासून निघणाऱ्या गॅमा किरणांतून शेतमाल नेला की तो अधिक टिकतो, हे त्यामागील तत्त्व. कांदा, बटाटा आणि मसाल्याचे पदार्थ यांच्या विकिरणाला भारतात १९९४ साली परवानगी मिळाली होती, आणि देशातील कांद्याची सर्वांत मोठी बाजारपेठ लासलगावची; तेव्हा जागेची निवड सयुक्तिकच होती. केंद्राबद्दल लोकांत जी शंका उमटली तीही अपेक्षितच म्हणावी लागेल. अणूचे किरण मारलेला कांदा पोटात गेला तर काय होईल? तो कांदाच किरणोत्सारी होणार नाही काय?

या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्ध आहे. कांदा किरणोत्सारी होत नाही. उन्हात वाळत घातलेला पापड तापतो, वाळतो, परंतु स्वतः उजेड पाडू लागत नाही, तसेच हे. कोबाल्ट-६० च्या किरणांत कांद्यातील अणूंची गर्भकेंद्रे बदलून टाकण्याइतकी ऊर्जा नसते. आणि कोबाल्टचा कांद्याला स्पर्श होत नाही, केवळ किरणांचा होतो. कांद्याला द्यावयाची मात्रा साधारण साठ ते नव्वद ग्रे असते. साठ ग्रे म्हणजे दर किलोमागे साठ ज्यूल ऊर्जा. एवढ्या ऊर्जेने किलोभर पाणी तापवू गेल्यास त्याचे तापमान एका अंशाच्या सत्तराव्या हिश्शाइतकेच वाढेल.

येथे थांबून ‘पाहा, किती क्षुल्लक मात्रा’ असे म्हणणारे प्रचारक असतात. ते अर्धेच सत्य सांगतात. हीच मात्रा माणसाच्या सर्वांगावर पडली तर तो वाचणार नाही. ऊर्जा थोडी असली तरी ती पेशीच्या नेमक्या मर्मावर, तिच्या विभाजनाच्या यंत्रणेवर आघात करते. आणि कांद्यालाही ती देतात ती याच कारणासाठी. काढणीनंतर कांदा काही काळ सुप्तावस्थेत असतो. कडक उन्हाळ्यात तो तसाच निपचित राहतो. शीतगृहातील शून्याजवळच्या थंडीतही राहतो. पाऊस पडून हवेत दमट गारवा आला की त्याच्या गाभ्यातील अंकुर जागा होतो आणि चाळीतल्या कांद्याला कोंब फुटतात. सुप्तावस्थेतच किरण दिले, तर त्या अंकुराच्या पेशी पुढे विभागत नाहीत. म्हणजे ज्याला लोक भितात ते सामर्थ्य खरे आहे, केवळ ते कांद्याच्या कोंबापाशी संपते, खाणाऱ्याच्या पोटापर्यंत पोहोचत नाही. हे एवढे सविस्तर सांगितले तर बाजारातील बाईला कळत नाही असे मानण्याचे काहीही कारण नाही.

लोकांच्या साशंकतेला इतिहासही आहे, आणि तो या देशातीलच आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधकांनी १९७५ साली एक निबंध प्रसिद्ध केला. नुकतेच विकिरण केलेल्या गव्हाचा आहार दिलेल्या काही कुपोषित मुलांच्या रक्तपेशींत विकृत गुणसूत्रसंख्या आढळते, असे त्यात म्हटले होते. जगभर त्याचा गाजावाजा झाला. सरकारने त्या निष्कर्षांच्या तपासणीचे काम डॉ. पी. सी. केशवन आणि डॉ. पां. वा. सुखात्मे यांच्याकडे सोपविले. सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातून पुढे आलेले संख्याशास्त्रज्ञ. आकड्यांचा खरेखोटेपणा ओळखण्यात त्यांचा अधिकार जगन्मान्य होता. उपलब्ध माहितीवरून तो निष्कर्ष निघत नाही, असा अहवाल या दोघांनी १९७६ साली दिला. पुढे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसमितीने १९८० च्या बैठकीत दहा हजार ग्रेपर्यंतची मात्रा दिलेले अन्न निर्धोक ठरविले. कांद्याची मात्रा त्याच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास येते. वैज्ञानिक वाद असा मिटला, आणि तो योग्य रीतीने मिटला. मात्र त्या प्रयोगातील मुले कोणाची होती, हा प्रश्न त्या वादात कोठेच नव्हता. नव्या अन्नाची परीक्षा कुपोषित मुलांवर होते, सुपोषितांवर होत नाही. गरिबाच्या मनातील संशयाची मुळे येथे असतील तर त्याला अडाणी कसे म्हणावे?

आता लासलगावकडे पुन्हा वळू या, कारण खरी कथा पुढेच आहे. कांद्याच्या माहेरी उभारलेले हे केंद्र जगप्रसिद्ध झाले ते आंब्यामुळे! फळाच्या कोयीतील भुंगा आपल्या देशात शिरेल या भीतीने अमेरिकेने भारतीय आंब्याला अनेक वर्षे दार बंद ठेवले होते. चारशे ग्रे मात्रा दिलेला आंबा चालेल असे ठरले. अमेरिकी कृषी खात्याने लासलगावच्या केंद्राला मान्यता दिली, आणि एप्रिल २००७ मध्ये हापूस-केसर अमेरिकेला रवाना झाले. कोकणचा हापूस घाट चढून निफाडात यावयाचा, किरण घेऊन परत मुंबईस जावयाचा आणि विमानात बसावयाचा. शेजारच्या शेतातील कांदा मात्र बांबू-लाकडाच्या चाळीतच राहिला. विकिरणाचा खर्च आंब्याच्या पेटीला सोसतो, कांद्याच्या गोणीला सोसत नाही, एवढे याचे साधे अर्थशास्त्र. शिवाय आवाका पाहावा. समजा, एखादे केंद्र तासाला दहा टन कांदा हाताळते आणि दिवसाचे वीस तास चालते. उन्हाळ कांद्याच्या काढणीनंतरच्या दोन महिन्यांत, म्हणजे सुप्तावस्था आहे तोवर, ते बारा हजार टन कांदा पार करील. देशाचे कांदा-उत्पादन अलीकडे वर्षाला सुमारे अडीच ते तीन कोटी टनांच्या घरात असते.

आणि कोंब हा चाळीतील नुकसानीचा एक भाग झाला. कांदा सुकून वजनात घटतो, सडतो, काजळी धरतो. या दुखण्यांवर साठ-नव्वद ग्रेचा उपाय नाही. त्यावरचे उपाय शेतकऱ्याला ठाऊक आहेत. निम्म्याअधिक माना पडल्यावर काढणी करावी, एका ओळीच्या पातीने दुसऱ्या ओळीचे कांदे झाकून शेतातच वाळवावेत, कापताना दीड-दोन इंच मान राखावी, डेंगळे आणि जोड कांदे बाजूला काढावेत, चाळीला खालून आणि बाजूने वारा मिळावा. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाने चाळीच्या रचनेवर जे काम केले, त्याला अणूचे वलय नाही. म्हणून त्याचे छायाचित्र पहिल्या पानावर येत नाही, इतकेच.

परंतु कांदा टिकविण्याचे तंत्र कोणतेही असो, ते कोणाच्या हाती वेळ देते हा प्रश्न शिल्लक राहतो. मे महिन्यात लहान शेतकऱ्याला सोसायटीचे कर्ज फेडावयाचे असते, खरिपाचे बी-खत आणावयाचे असते, घरात लग्न असते. त्याला कांदा विकावाच लागतो. दिवाळीपर्यंत थांबण्याची ऐपत ज्याच्यापाशी आहे, टिकाऊ कांद्याचा लाभ त्याच्याच पदरात पडतो. थांबणारा व्यापारी असेल, किंवा सरकारही असेल. केंद्र सरकारने २०२३ साली आपला राखीव साठा तीन लाख टनांवरून पाच लाख टनांवर नेला. त्यातील काही कांद्यावर विकिरणाचा प्रयोगही केला. त्याच वर्षी १९ ऑगस्टला निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क बसले, ८ डिसेंबरला निर्यातच बंद झाली, ती ४ मे २०२४ पर्यंत बंद राहिली. लासलगाव, पिंपळगावचे लिलाव थांबले, रस्ते अडले. या पार्श्वभूमीवर किरण दिलेल्या कांद्याची वार्ता चांदवडच्या शेतकऱ्याच्या कानी येते, तेव्हा त्याला त्यात काय ऐकू येते? आपलाच कांदा मे महिन्यात स्वस्तात घेऊन ऑक्टोबरात आपल्याच विरुद्ध बाजारात ओतण्याची नवी सोय, असे त्याला वाटले तर त्याच्या तर्कात चूक काढणे कठीण आहे.

कार्यकर्त्याची खरी अडचण येथे सुरू होते, आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतील कामगाराच्या ताटात कांदा स्वस्तच यावयास हवा. भाकरीबरोबर त्याचे तेवढेच कालवण असते. राखीव साठा मोडीत काढा म्हणणे म्हणजे त्या कामगाराला साठेबाजाच्या स्वाधीन करणे होय. मार्ग असलाच तर तो खरेदीच्या टोकाशी आहे. मे महिन्यात सरकार उत्पादन-खर्चाला पुरेल अशा दराने, थेट शेतकऱ्याकडून, मोजून खरेदी करील, आणि साठवणूक व विकिरण यांची केंद्रे उत्पादकांच्या सहकारी संस्थांच्या ताब्यात असतील, तर कांदा टिकल्याचा नफा कोठे जातो हे निदान वहीत दिसेल. सहकाराच्या नावाखाली या जिल्ह्यात काय काय झाले हे श्रोत्यांना सांगावयास नकोच. तरीही दुसरे साधन दृष्टिपथात नाही.

लोकांच्या शंकेची थट्टा करणे सोपे आहे, आणि मतांसाठी तिला खतपाणी घालणे त्याहून सोपे. कार्यकर्त्याने चाळीपाशी आणि बाजारात उभे राहून दोन्ही उत्तरे द्यावयास हवीत. किरणांनी कांदा विषारी होत नाही, हे ठणकावून सांगावे. आणि या किरणांचे पैसे कोण भरतो, लाभ कोण घेतो, हे विचारण्याचा हक्क तुमचा आहे, हेही सांगावे. केवळ पहिलेच उत्तर देणारा सरकारी भोंगा ठरतो.

एक बारीकशी गोष्ट राहिली. विकिरण केलेल्या अन्नाच्या वेष्टनावर तसा स्पष्ट उल्लेख आणि वर्तुळातील हिरव्या रोपासारखे आंतरराष्ट्रीय चिन्ह छापणे कायद्याने आवश्यक आहे. ग्राहकाला जाणून घेऊन निवडता यावे म्हणून ही तरतूद. परंतु आपल्याकडे कांदा वेष्टनातून विकला जात नाही. गोणी उसवून तो जमिनीवर ओततात आणि ढिगातून तागडीत टाकतात. चिन्ह गोणीबरोबर जाते आणि गोणी रद्दीवाल्याकडे. उद्या असा कांदा खुल्या बाजारात येऊ लागला, तर बुधवारच्या बाजारातील गिऱ्हाइकाने तो ओळखावा कसा, याची व्यवस्था महानगरपालिका, बाजार समिती आणि अन्न व औषध प्रशासन यांपैकी कोणी करावयाची, हे आताच लेखी विचारून ठेवणे बरे.