दोन घरांची एक खोली

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आज मी झोपायच्या खोलीतल्या सामानाबद्दल बोलणार आहे. कवीनं खाट-कपाटांवर बोलावं याचं काहींना नवल वाटेल. पण माझा व्यवहार शब्दांशी, आणि या खोलीतले शब्द मोठे मजेचे आहेत. ‘पलंग’ संस्कृतातल्या ‘पर्यंक’च्या कुळातला. ‘संदूक’ अरबीतून आली, ‘चादर’ आणि ‘तक्क्या’ फारसीतून. ‘अलमारी’ पोर्तुगीजांनी दिली. आपली ‘खाट’ तर इंग्रजांच्या तोंडी ‘कॉट’ झाली आणि त्याच नावानं पुन्हा आपल्या घरी आली. माहेरची पोर सासरचं नाव लावून पाहुणी यावी, तशी. म्हणजे भाषेत ही खोली केव्हाचीच मिसळलेली आहे. सामान मिसळायचं म्हटलं, की मात्र आपण बिचकतो.

दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, ‘सेट बघायचा का?’ पलंग, त्याच्या दोन्ही बाजूंची छोटी कपाटं, आरशाचं टेबल, वॉर्डरोब, सगळं एकाच रंगाच्या सनमायकाचं. दिसायला नीटनेटकं असतं, यात वाद नाही. पण ही सेटची कल्पना आपल्या घरांत तशी अलीकडची. जुन्या घरांत झोपायची वेगळी खोली बहुतेकांना नव्हतीच. माजघरात, ओसरीवर अंथरुणं पडायची आणि सकाळी गुंडाळली जायची. चाळीतल्या दोन खोल्यांत स्वयंपाकघरच रात्री झोपायची खोली व्हायचं. सामान यायचं ते एकेक करून. बाळंतपणासाठी बाज, लग्नात पेटी, बोनस मिळाला त्या वर्षी कपाट. प्रत्येक वस्तूला स्वतःची तिथी होती.

पोलादी कपाटाचंच घ्या. गोदरेजनं १८९७ साली मुंबईत कुलपांपासून सुरुवात केली आणि १९२३ पासून पोलादी कपाटं बनवायला घेतली. पुढं हे कपाट लग्नाच्या सामानात येऊन बसलं. कुठल्याही कारखान्याचं असो, लोक त्याला ‘गोदरेजचं कपाट’च म्हणतात. त्याच्या आतल्या लॉकरमध्ये दागिने, घराचे कागद, आमच्याकडे निकाहनामा. कितीतरी बायकांना सबंध घरात स्वतःच्या किल्लीची अशी तेवढीच एक जागा होती.

मिसळणीचं आणखी एक उदाहरण मुंबईकरांच्या ओळखीचं आहे. इराण्याच्या हॉटेलातली ती गोल बैठकीची, वाकवलेल्या लाकडाची खुर्ची. या घडणीचं मूळ व्हिएन्नात. मिखाएल थोनेट यानं १८५९ साली तिथं आपली ‘१४ नंबर’ची खुर्ची काढली आणि ती जगभर गेली. खुर्चीची घडण युरोपची, टेबल संगमरवरी, मालक इराणचा, गिऱ्हाईक गिरगावचं. तिथं बसून चहा पिताना, हा सेट जुळत नाही, असं कुणाला वाटलं नाही.

आता घरची गोष्ट सांगतो. दोन वर्षांपूर्वी मुलाचा निकाह झाला. त्याच्या खोलीत माझ्या अम्मीचा शिसवी छपरी पलंग होता. गुडघ्यांमुळे अम्मीला आता त्यावर चढवत नाही, ती बुटक्या दिवाणावर झोपते. पण तिच्या सगळ्या मुलांचे ताप त्याच पलंगावर चढले आणि उतरले. सुनेबरोबर तिच्या आईचं जुनं पोलादी कपाट आलं, हिरवट-राखाडी रंगाचं, एका कोपऱ्यात पोचा आलेलं. सुतार आला, टेप लावली आणि म्हणाला, “चाचा, हे दोन्ही काढा. एका लाइनीत सेट होऊ द्या. पलंगाचं लाकूड मी घेतो, बिलात वळतं करू.”

अम्मी शेजारच्या खोलीतून ऐकत होती, पण काही बोलली नाही. सूनच हळूच म्हणाली, “अब्बा, कपाट गॅलरीत ठेवलं तरी चालेल.”

श्रोतेहो, हे ‘तरी चालेल’ फार जुनं आहे. घर सोडून आलेली मुलगी ते पहिल्या दिवसापासून म्हणते आणि घरातली म्हातारी माणसं शेवटपर्यंत म्हणतात. एकीची वस्तू पावसात गंजायला ठेवायची, दुसरीची बिलात वळती करायची आणि मग खोली जुळली म्हणायचं, हे माझ्या मनाला पटेना. दोन्ही वस्तू राहिल्या.

पण नुसत्या शेजारी ठेवल्यानं वस्तू नांदत नाहीत. त्याला थोडी शिस्त लागते. मुशायऱ्यात एका वेळी एकच शायर वाचतो, बाकीचे दाद देतात. खोलीतही एकाच वस्तूनं मोठ्यानं बोलावं. आमच्याकडे ती नक्षीचा पलंग. म्हणून बाकी सगळं साधं ठेवलं. कपाटाचा गंज घासून काढला, प्राइमर मारला आणि भिंतीचाच फिका रंग दिला. एवढं मोठं धूड, पण आता ते डोळ्यांत येत नाही.

दुसरी गोष्ट उंचीची. जुना पलंग गादीसकट दोन फुटांच्या वर जातो, हल्लीचा बॉक्सबेड दीड फुटाच्या आसपास असतो. त्यामुळे तयार मिळणारं बाजूचं टेबल जुन्या पलंगाशेजारी खुजं पडतं आणि रात्री पाण्याचा पेला चाचपडावा लागतो. टेबल गादीच्या बरोबरीनं हवं. आम्ही एक उंच स्टूल ठेवलं, काम भागलं.

तिसरी गोष्ट रंगाची. खोलीत एकच काळपट वस्तू असली की ती परकी वाटते. त्या रंगाची दुसरी एखादी लहानशी वस्तू, आरशाची चौकट म्हणा, समोरच्या भिंतीवर आली की पहिलीला सोबत मिळते. पडदे आणि चादर यांत एखादा रंग सारखा असला, तर उरलेलं कापड जुळवून घेतं.

एक मात्र खरं, मिसळणं म्हणजे साठवणं नव्हे. चालायला दोन-अडीच फूट वाट हवी, कपाटाचं दार पुरतं उघडायला हवं. वाळवी लागलेलं लाकूड आठवण म्हणून घरात ठेवू नये. आधी औषध करावं, नाहीतर निरोप द्यावा. आणि नवं सगळंच टाकाऊ, असंही नाही. मात्र भुशाच्या दाबलेल्या फळ्या ओल लागली की फुगतात, त्यामुळं त्या न्हाणीघराच्या भिंतीला लावू नयेत. साग-शिसवाचे जोड सुतार पुन्हा घट्ट करतो, पॉलिश करतो. तो खर्चही आधी विचारून घ्यावा.

म्हणून वस्तू काढण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. ती कुणी आणली? अजून कामाची आहे का? आणि तिच्यासाठी जागा किती आहे? टेप तिसऱ्या प्रश्नाला लागते. सुतार तिथूनच सुरुवात करतो, आपण पहिल्यापासून करावी. नवी सून असो, म्हातारी आई असो, की शिकून परतलेला मुलगा. ज्याची एक तरी वस्तू खोलीत आहे, त्याला तिथं पाहुण्यासारखं वाटत नाही.